सेन्सरचे क्षेत्रफळ आणि कॅमेऱ्याचे भवितव्य

(द्वितीय वर्ष, कला)

कॅमेऱ्याची चर्चा निघाली की हल्ली पहिला प्रश्न येतो तो सेन्सर केवढा, हा. त्यातही ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच अशा एका मापाला ‘फुल फ्रेम’, म्हणजे पूर्ण चौकट, असा किताब मिळाला आहे. हे माप कोणी गणित मांडून सिद्ध केलेले नाही. जर्मनीत वेट्झलार येथे लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचे कुशल कारागीर होते. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म तेव्हा सहज मिळे. तिच्यावरील चौकट त्यांनी दुप्पट केली, आणि १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला. मोठ्या काचांवर काम करणारे त्या काळचे छायाचित्रकार या चौकटीला चिमुकली म्हणत! पुढे फिल्म गेली, रसायने गेली, काळोखी खोलीही गेली. माप मात्र उरले.

क्षेत्रफळाला महत्त्व का, हे कळायला विज्ञानशाखेत जावे लागत नाही. पावसात एक पिंप आणि एक डबा शेजारी ठेवावा. पाणी दोन्हींत सारख्याच उंचीने चढते, पण एकूण पाणी पिंपात जास्त. प्रकाशाचे तसेच आहे. फुल फ्रेमचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. एपीएस-सी या मधल्या मापाचे सुमारे ३६७. फोर थर्ड्‌सचे २२५. जितका प्रकाश अधिक, तितका चित्रातला दाणेदारपणा कमी. (‘एक इंची’ म्हणून जो सेन्सर विकला जातो त्याचा कर्णसुद्धा १६ मिलिमीटरच भरतो! दूरदर्शनच्या जुन्या कॅमेऱ्यांतील नळीच्या बाहेरच्या व्यासावरून ते नाव आले आहे.)

मग सर्वच सेन्सर मोठे का करीत नाहीत? सिलिकॉनच्या गोल तबकडीतून ते कापून काढतात. तबकडीवर एक दोष निघाला, तर लहान शंभर तुकड्यांतला एक बाद होतो; मोठे दहाच तुकडे असतील तर त्याच दोषाने दहातला एक जातो. म्हणूनच १९९९ चा निकॉन डी-१ मधल्या मापाचा होता, आणि २००२ साली कॅननने पूर्ण चौकटीचा कॅमेरा काढला तेव्हा त्याची किंमत आठ हजार डॉलरच्या घरात होती. आता ही किंमत पुष्कळ उतरली आहे. त्यामुळे मधल्या मापांचे दिवस भरले, असे अनेक जाणकार सांगतात.

मला हे भाकीत पटत नाही. ऑलिंपसने २०२१ मध्ये कॅमेऱ्याचा व्यवसाय विकला हे खरे. परंतु निकॉनने २०१९ मध्ये आणि कॅननने २०२२ मध्ये आरसा नसलेल्या नव्या पद्धतीतही मधल्या मापाचे कॅमेरे काढलेच. फुजीफिल्मने तर डिजिटल कॅमेऱ्यांत ३६ बाय २४ ला वळसाच घातला. ती एक माप त्याहून लहान वापरते आणि दुसरे त्याहून मोठे. खरा घाव घातला तो फोनने. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ मध्ये ८० लाखही नाहीत. फोनचा सेन्सर नखाएवढा, पण तो एकामागून एक चित्रे घेऊन त्यांची बेरीज करतो, म्हणजे जागेची उणीव वेळेने भरून काढतो. समोरचा माणूस हलला की ही बेरीज अवघड होते.

मोठ्या सेन्सरचा दुसरा हिशेब विक्रेते सांगत नाहीत. लग्नात नवरा-नवरीच्या मागे तीन ओळींत वऱ्हाडी उभे राहिले, तर मागची ओळही रेखीव यायला हवी. त्यासाठी भिंगाचे छिद्र लहान करावे लागते. फोर थर्ड्‌सवर जे काम एफ ४ ने भागते, त्याला फुल फ्रेमवर एफ ८ लागतो. प्रकाश चौथाईवर आला आणि क्षेत्रफळाची जवळजवळ सगळी कमाई तिथल्या तिथे खर्ची पडली.

हे सारे मी वाचू लागलो त्याला कारण आहे. माझे थोरले बंधू दहावीनंतर लग्नाचे फोटो काढू लागले. घरात कॉलेजची पायरी प्रथम मी चढलो आणि माझी फी त्या फोटोंतून येते. यंदा त्यांनी फुल फ्रेमसाठी पतपेढीचा कर्जाचा अर्ज आणला. आम्ही दोघांनी वहीत आकडे मांडले. त्यांचा कॅमेरा मधल्या मापाचा. फुल फ्रेम घेतल्यास प्रकाश सुमारे २.४ पट मिळणार. कॅमेऱ्याबरोबर आलेले भिंग मात्र चेहरा जवळ घेताना एफ ५.६ पलीकडे उघडत नाही. त्याऐवजी एफ १.८ चे भिंग लावले तर प्रकाश ९ पटींहून अधिक होतो. दादांनी ५० मिलिमीटरचे तसले एक भिंग वापरलेल्या मालातून घेतले आहे. अर्ज अजून कोराच आहे; तुळशीच्या लग्नानंतरचा हंगाम पाहून ठरवू, असे ते म्हणतात.