यजमान नगरी सॅन होझे : पाहुण्यांसाठी सावध परिचय

स्पॅनिश अमलाखाली २९ नोव्हेंबर १७७७ रोजी वसवलेले सॅन होझे हे कॅलिफोर्नियातील पहिले नागरी गाव होय. पुढे १८४९ ते १८५१ या काळात राज्याची राजधानी येथेच होती, आणि जर्दाळू व आलुबुखार यांच्या बागांसाठी नावाजलेले हे सांता क्लारा खोरे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिलिकॉन चिपमुळे जगाच्या परिचयाचे झाले. एवढी माहिती कोणत्याही पुस्तिकेत मिळते; परंतु शेजारच्या कुपर्टिनोत आयफोन घडूनही येथील रहिवाशांची फोनवरील भामट्यांपासून सुटका झालेली नाही, हे पाहुण्यांना आधीच सांगितलेले बरे.

शहराचा दूरध्वनी संकेतांक ४०८ असून २०१२ पासून ६६९ त्याच्या जोडीला आला आहे. मात्र पडद्यावर भलताच क्रमांक उमटवण्याची, म्हणजे स्पूफिंगची, युक्ती सर्रास वापरली जात असल्याने ४०८ने सुरू होणारा कॉल गावातलाच असेल असे मुळीच समजू नये.

पाहुण्यांची खरी गाठ पडते ती टोलच्या बनावट संदेशाशी. गोल्डन गेटवरून सॅन फ्रान्सिस्कोत परतताना टोल लागतो, पण नाक्यावर कोणी पैसे घेत नाही. गाडीच्या पाटीचे छायाचित्र निघते आणि बिल मालकाच्या पत्त्यावर टपालाने जाते. आपला टोल भरला गेला की नाही, ही शंका त्यामुळे मनात राहतेच, आणि ‘फासट्रॅक’ या टोलयंत्रणेच्या नावाने थकबाकी मागणारा संदेश नेमकी तीच शंका हेरतो. त्यात ‘वाय’ असे उत्तर धाडण्याची सूचना असते, कारण अनोळखी क्रमांकावरून आलेला दुवा आयफोनवर उत्तर दिल्याशिवाय उघडत नाही.

या धंद्याला महाराष्ट्राचाही एक दुवा आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही : ठाणे पोलिसांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा अमेरिकी करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तेथून लोकांना अटकेचा धाक घातला जात असल्याचे उघडकीस आले. भारतीय वकिलातीचा क्रमांक दाखवून पासपोर्टातील ‘चूक’ दुरुस्त करण्यासाठी पैसे मागणारे कॉलही त्याच जातीचे.

असा संदेश पुसण्यापूर्वी तो ७७२६ या क्रमांकावर पुढे पाठवावा. बटणांवरील अक्षरे जुळवली असता या आकड्यांतून ‘स्पॅम’ हा शब्द होतो, आणि तेथे पोहोचलेल्या संदेशांवरून मोबाइल कंपन्या तशाच पुढच्या संदेशांना अडवतात. कॉलची तक्रार संघीय व्यापार आयोगाच्या ‘रिपोर्टफ्रॉड’ या संकेतस्थळावर करावी. मात्र आयोग तक्रारींवरून टोळ्यांचा माग काढतो, एकेकाचे प्रकरण सोडवत नाही. त्यामुळे पैसे गेलेच असतील तर आधी बँकेला फोन करावा, आणि तोही कार्डामागे छापलेल्या क्रमांकावरच.