भयग्रस्त विद्यार्थी व शिक्षकाचें कर्तव्य

कांहीं वर्षांपूर्वीं दंगल झालेल्या एका गांवाहून एक मुलगा माझ्या वर्गांत दाखल झाला. एके दिवशीं रस्त्यावर फटाका वाजतांच तो बाकाखालीं शिरला. वर्ग हंसला, आणि मीं त्यासच उभें राहण्याची शिक्षा केली. त्या चुकीची आठवण हेंच या लेखाचें निमित्त होय.

आपल्या जिल्ह्यास हा प्रश्न नवा नाहीं. सन १९४७-४८ मध्यें परभणी जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. रझाकारांच्या अत्याचारांमुळें अनेक कुटुंबें घरदार टाकून पैनगंगेपलीकडे वऱ्हाडांत गेलीं. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें व १७ सप्टेंबरला निजामानें शरणागति पत्करली. तदनंतर मराठवाड्याच्या कांहीं भागांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगविला गेला. त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें केली. अशा काळानंतर शाळा भरते, तेव्हां एकाच बाकावरील दोन मुलांनीं भयाचीं दोन निराळीं रूपें पाहिलेलीं असूं शकतात.

दचकणें, पाठ केलेलें विसरणें, एकाएकीं चिडणें, लहान मुलानें पुन्हां अंथरूण ओलें करणें, हीं आळसाचीं वा उद्धटपणाचीं लक्षणें नव्हत. संकटांत शरीर पळण्यास किंवा झुंजण्यास सज्ज होतें. संकट टळलें तरी ती सज्जता लगेच ओसरत नाहीं, आणि तशा स्थितींत त्रैराशिक डोक्यांत शिरणें कठीण.

दुसऱ्या महायुद्धांत ॲना फ्रॉइड व डॉरोथी बर्लिंगहॅम या विदुषींनीं लंडन येथें युद्धग्रस्त मुलांसाठीं संगोपनगृहें चालविलीं. बाँबच्या वर्षावापेक्षां आईपासून झालेली ताटातूट लहान मुलांस अधिक जाचते, असें त्यांस आढळलें. तात्पर्य, विश्वासाचें माणूस जवळ असणें हेंच पहिलें औषध होय.

शिक्षकास तें माणूस होतां येतें. त्यासाठीं चार गोष्टी पाळाव्या. पहिली, घंटा, प्रार्थना, तास व बसण्याची जागा यांचा क्रम रोज तोच ठेवावा. पुढें काय होणार हें ठाऊक असलें म्हणजे भय ओसरतें. दुसरी, छडी व आरडाओरड वर्ज्य करावी. तिसरी, घडलेलें सांगण्याचा आग्रह धरूं नये. मूल आपण होऊन बोलूं लागलें तर शांतपणें ऐकावें. चौथी, घाला कोणीं घातला हें सर्वांसमक्ष कधींही विचारूं नये. त्या उत्तराचा डाग शेजारच्या निरपराध मुलावर पडतो. महिना उलटूनही झोप, भूक वा बोलणें पूर्ववत् न झाल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शिक्षक हा वैद्य नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या शेजारीं असें मूल येऊन बसल्यास त्यास हंसूं नका. सरकून जागा द्या. शिक्षकाच्या शंभर शब्दांपेक्षां तेवढी जागा अधिक धीर देते.