शॉर्टहँडचा स्पीड ८० वर अडकलाय? हात नाही, थिअरी तपासा

घरबसल्या पत्रं आणि मीटिंगची टिपणं घेऊन टाइप करून द्यायची, किंवा स्वतःचा छोटा क्लास काढायचा, असं ठरवलेले बरेच जण एकाच ठिकाणी अडकतात. ८० चा स्पीड येतो, १०० काही केल्या येत नाही. मग रोज नवं डिक्टेशन घ्यायचं, आणि तरी वहीत गाळलेल्या जागा तेवढ्याच!

साधा हिशेब करा. १०० च्या स्पीडला एका शब्दाला ०.६ सेकंद मिळतो. 'हा कसा लिहायचा?' म्हणून २ सेकंद थांबलात की ३ शब्द निघून गेले. म्हणजे हात हळू नाही, नियम विसरलाय.

आयझॅक पिटमन यांची १८३७ सालची ही पद्धत नियमांवरच उभी आहे. रेघ हलकी तर 'के', जाड तर 'जी'. 'एन' अर्धा केला की त्यात 'टी' आला, झालं 'नोट'. 'एम' दुप्पट केला की 'मॅटर'. ओळीच्या वर लिहिलं तर 'मॅन', ओळीवर लिहिलं तर 'मेन'.

या शेवटच्या नियमाची किंमत मी मोजली आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका ग्राहकाचं इंग्रजी पत्र घेताना घाईत 'मेन' ओळीच्या वर गेलं आणि टाइप करताना मी 'मॅन' वाचलं. मागायची होती माणसं, पत्रात मागितला एकच माणूस. पत्र फुकटात पुन्हा करून दिलं, पण ग्राहक परत आला नाही.

म्हणून आठ दिवस असं करा:

१. ८० च्या स्पीडला ५ मिनिटांचं, म्हणजे ४०० शब्दांचं डिक्टेशन घ्या. अडलात तिथे फक्त एक टिंब द्या, थांबू नका.

२. टिंबांची वर्गवारी करा: शॉर्ट फॉर्म, अर्धी रेघ, दुप्पट रेघ, जागा, फ्रेज.

३. सगळ्यात जास्त टिंबं ज्या नियमाची, तेवढाच धडा पुस्तकातून पुन्हा वाचा. अडलेला प्रत्येक शब्द तोंडाने म्हणत २० वेळा लिहा.

४. तेच डिक्टेशन पुन्हा घ्या. टिंबं कमी झाली की मगच ९० ला जा.

५. रोज स्वतःचं लिखाण वाचून टाइप करा. वाचता न येणारा स्पीड काय कामाचा?

लक्षात ठेवा, गिऱ्हाईक पैसे देतं ते वेळेवर हातात पडलेल्या बिनचूक कागदाचे. आजच वही काढा, पहिलं डिक्टेशन घ्या आणि टिंबं मोजा. भेटू पुढच्या व्हिडिओत!