आरोग्य पाठ : भाकरी, चाळण आणि साखरेचा डबा



या सदरात आजवर आपण माती परीक्षण, बेणेप्रक्रिया, खोडव्याचे व्यवस्थापन असे पाठ घेतले. आजचा पाठ शेतातला नाही, ताटातला आहे.

गटसभेत आम्ही हा विषय काढला तेव्हा एक जुने सभासद हसून म्हणाले, "साखर कारखानाच साखर बेतानं खा म्हणायला लागला, तर आमच्या उसाचं करायचं काय?" सगळे हसले. पण सभा सुटल्यावर चहा आला, तेव्हा बिनसाखरेचा मागणारे दहा-बारा जण निघाले, आणि ते सगळे काही साठी उलटलेले नव्हते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तेव्हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आता धान्याचा एक दाणा हातात घ्या. बाहेरून कोंडा, एका टोकाला अंकुर आणि मधे पांढरा गाभा. गाभा म्हणजे बहुतेक पिष्ट. पोटात गेल्यावर त्याची साखरच होते आणि ती रक्तात उतरते. कोंड्यात चोथा असतो, तो हे काम सावकाश करवतो. नुसता मैदा खाणं म्हणजे पाट फोडून रानात पाणी सोडणं, आणि कोंड्यासकट धान्य म्हणजे ठिबक. पाणी तेच, पण जास्त पाण्यानं जमीन चोपण कशी होते ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

मग गिरणीवाले कोंडा आणि अंकुर काढतात कशाला? पांढरं दिसतं हे एक कारण, पण दुसरं व्यापाराचं आहे. अंकुरात तेल असतं. बाजरीचं पीठ थोडे दिवस ठेवलं की कडू लागतं, ते या तेलामुळंच. मैदा मात्र महिनोन् महिने टिकतो, कारण बिघडण्यासारखं त्यात फारसं काही ठेवलेलंच नसतं. तेलाबरोबर ब गटातली जीवनसत्त्वं आणि लोहही बऱ्याच अंशी निघून जातं. आपल्या घरच्या बायका आठवड्यापुरतंच दळण टाकायच्या, त्यात मोठं शहाणपण होतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली अन्नघटकांचे तक्ते काढले. त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा दिला आहे, बाजरीत व गव्हाच्या कोंड्यासकट पिठात सुमारे ११. मैद्यात आणि सडीक पांढऱ्या तांदळात तो ३ ग्रॅमसुद्धा भरत नाही. म्हणजे बघा, चपातीनं काही बिघडलेलं नाही. बिघडवलं ते बारीक चाळणीनं, आणि सकाळच्या खारी-बटर-बिस्किटांनी. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरची तांबडी मिलो खाऊन विटलेल्या पिढीला पांढऱ्या चपातीचं अप्रूप वाटलं, यात नवल नाही. पण आता मळणीला मजूर जेवायला आला तरच भाकरी थापायची, असं काही घरांत झालं आहे, ते बरं नव्हे.

एक मात्र बजावून सांगतो. भाकरी म्हणजे औषध नव्हे. ज्वारीतही दर १०० ग्रॅमला ६५ ग्रॅमच्या वर पिष्टमय भाग असतोच. "ज्वारीच आहे, काय होतंय" म्हणून चार भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच. आपले वडील चार खायचे, पण ते दिवसभर मोटेवर राबायचे. आपण मोटारसायकलवरून बांधावर जातो. म्हणून भाकरी एक कमी आणि आमटी, उसळ, पालेभाजी वाढून घ्या. औषध चालू असेल त्यांनी डॉक्टरांना विचारूनच बदल करावा.

आता साखरेचा डबा. समजा, पाच माणसांच्या घरात महिन्याला ५ किलो साखर लागते. माणशी रोज ३३ ग्रॅम झाली. बाहेरची मिठाई, शीतपेयं निराळीच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं, की वरून घातलेली साखर रोज २५ ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या, आत ठेवता आली तर उत्तम. गूळ चालतो म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की गुळाचीही रक्तात साखरच होते. सवलतीची साखर सभासदांचा हक्क आहे, ती जरूर न्या, पण घरी आली म्हणून संपवलीच पाहिजे असं नाही.

शेवटी रानाचं. सगळं शिवार उसाखाली गेल्यानं शाळू बाजारातून आणावा लागतो, आणि महाग म्हणून पुन्हा तांदूळ. ज्यांच्याकडं पाटाचं पाणी न पोचणारा वीसेक गुंठ्यांचा तुकडा आहे, त्यांनी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान तिथं शाळू पेरावा. बियाणं २ किलो पुरतं. भारी जमिनीत मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेली मालदांडी ३५-१ अजून भाकरीला सरस आहे, आणि कडबा गोठ्यातल्या गाई-म्हशींना होतो तो वेगळाच.