मॉरिशस बेटाचे हवापाणी

१८३४ सालापासून आपल्या देशातली पुष्कळ माणसे करारावर मजुरीसाठी मॉरिशस बेटावर गेली. त्यांत आपल्या कोकणातलीही होती. उसाच्या मळ्यांत त्यांनी घाम गाळला. त्यांची पोरेबाळे, नातवंडे तिथलीच झाली. पण त्यांनी गणपती सोडला नाही. गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते.

आता इकडची माणसे बेट पाहायला तिकडे जातात. जाणाऱ्याने तिथले हवापाणी आधी समजून घ्यावे. परक्या मुलखात हवा न ओळखणे जिवावरही बेतते.

बेट कुठे आहे?

हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या पूर्वेला हे बेट आहे. लांबी सुमारे ६५ किलोमीटर, रुंदी ४५ किलोमीटर. चहूकडे समुद्र. मधोमध उंच पठार आणि डोंगर. जमिनीवर जिकडे तिकडे ऊस.

ऋतू उलटे

पृथ्वीच्या मध्यावरून एक रेघ ओढली आहे असे समजा. आपण त्या रेघेच्या उत्तरेला राहतो. मॉरिशस दक्षिणेला आहे. सूर्य दक्षिणेकडे कलला की आपल्याकडे थंडी पडते. त्याच वेळी तो मॉरिशसच्या डोक्यावर असतो. म्हणून संक्रांतीला आपण शेकोटीशी बसतो, तेव्हा तिथे भर उन्हाळा असतो.

तिथे ऋतू दोनच. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, मे ते ऑक्टोबर हिवाळा. जुलै-ऑगस्ट सर्वांत थंड. पण समुद्र जवळ असल्यामुळे फार ऊनही नाही आणि कडाक्याची थंडीही नाही. दोन्ही ऋतूंच्या उष्णतेत सरासरी चार-पाच अंशांचाच फरक.

पावसाचेही आपल्याहून निराळे. आपला पाऊस मृगात येतो. तिथला जोराचा पाऊस उन्हाळ्यातच पडतो. फेब्रुवारी-मार्च हे सर्वांत ओले महिने. त्याच सुमाराला महाशिवरात्र येते. हजारो भाविक पठारावरच्या गंगा तलावाला पायी जातात, ते पुष्कळदा भिजतच. गणपती मात्र हिवाळ्यात येतात. तेव्हा पाऊस कमी असतो.

एका बेटावर तीन हवा

सह्याद्रीचे पाहा. पश्चिमेचे ढग घाटाला अडतात. कोकणात पाऊस कोसळतो आणि देशावर थोडाच पोचतो. मॉरिशसमध्ये वारा आग्नेयेकडून येतो, म्हणजे पूर्व आणि दक्षिण यांच्या मधून. तो समुद्रावरची वाफ घेऊन पठार चढतो. वर गेला की गार होतो, आणि पाऊस पडतो.

म्हणून पूर्व किनाऱ्यावर वर्षाला सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस. मधल्या पठारावर ४००० पर्यंत. पठार उतरून वारा पश्चिमेला जातो तेव्हा त्यात पाणी उरलेले नसते. तिथे पाऊस ८०० च्या आसपासच.

पश्चिमेला पोर्ट लुई ही राजधानी आहे. तिथे उकडते. तिथून थोड्या अंतरावर पठारावर क्यूरपीप गाव आहे. तिथे गारवा आणि भुरभुर पाऊस. तेव्हा एकाच दिवशी पिशवीत छत्री आणि स्वेटर दोन्ही असू द्यावे.

वादळ

बेटाला मोठी भीती चक्रीवादळाची. आपली वावटळ अंगणात फिरते. हे वादळ तसेच गरगर फिरते, पण शेकडो किलोमीटर पसरलेले असते. नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत त्याचा काळ. जानेवारी ते मार्च जास्त धोक्याचे.

१९६० सालच्या फेब्रुवारीअखेर कॅरोल नावाचे वादळ बेटावरून गेले. वाऱ्याचे झोत ताशी २५० किलोमीटरच्या वर गेले. ४२ माणसे दगावली. हजारो घरे मोडली. त्यानंतर लोकांनी लाकडापत्र्याची घरे सोडून सिमेंटची पक्की घरे बांधायला घेतली.

आता एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. वादळाच्या मधोमध शांत जागा असते. तिला वादळाचा डोळा म्हणतात. तो डोळा डोक्यावर आला की वारा एकदम पडतो. कधी ऊनही दिसते. नवखा म्हणतो, “चला, संपले!” आणि बाहेर पडतो. पण ते अर्धेच वादळ असते! थोड्या वेळाने वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो. उडते पत्रे आणि फांद्या माणसाचा जीव घेतात. म्हणून वादळ गेल्याचे सरकारने सांगेपर्यंत दार उघडू नये.

सरकार वादळाच्या चार सूचना देते. पहिली म्हणजे सावध व्हा. चौथी म्हणजे वादळ अंगावर आले. पहिलीलाच पाणी, सुके खाणे, बॅटरी आणि औषध जवळ करावे. तिसरी लागण्याआधी पक्क्या घरात असावे.

वादळ नसतानाही पाऊस घात करतो. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईत थोड्या वेळात फार मोठा पाऊस झाला. पायी जाण्याच्या भुयारी वाटेत पाणी शिरले. त्या पुरात ११ माणसे गेली. जोराचा पाऊस लागला की सखल जागा सोडावी आणि वर चढावे.

कधी जावे?

मे ते नोव्हेंबर बरे. तेव्हा हवा सुखाची आणि वादळाचे भय कमी. जानेवारी ते मार्चमध्ये जाणे झालेच, तर रोज हवेची बातमी ऐकावी. आणि तिथला माणूस “आज बाहेर नको” म्हणाला, तर त्याचे ऐकावे. त्याच्या घराने कितीतरी वादळे पाहिली आहेत.

सांगा पाहू

१. संक्रांतीला मॉरिशसमध्ये कोणता ऋतू असतो? का?
२. पश्चिम किनाऱ्यावर पाऊस कमी का?
३. वारा एकदम थांबला तर बाहेर का जाऊ नये?
४. तुमच्या गावात पाऊस कोणत्या दिशेने येतो? चार ओळी लिहा.