एक वादळ, दोन नावे

नकाशावर देशादेशांच्या सीमा ठळक रेषांनी आखलेल्या असतात. परंतु वारा, पाऊस आणि समुद्र यांना त्या रेषा ठाऊक नसतात. २६ सप्टेंबर २०२१ रोजी बंगालच्या उपसागरात उठलेले एक चक्रीवादळ आंध्र प्रदेशाच्या उत्तर किनाऱ्यावर येऊन धडकले. त्याचे नाव 'गुलाब'. भूमीवर येताच त्याचा जोर ओसरला. तथापि त्याचा अवशेष तेलंगण व मराठवाडा यांवर मुसळधार पाऊस पाडीत गुजरातच्या बाजूने अरबी समुद्रात उतरला. तेथील उबदार पाण्यावर त्यास पुन्हा बळ चढले आणि ऑक्टोबरच्या ३ तारखेस ते ओमानच्या किनाऱ्यावर आदळले. या वेळी त्याचे नाव होते 'शाहीन'. पहिले नाव पाकिस्तानने सुचविलेले, दुसरे कतारने. आणि दोन्ही समुद्रांतील वादळाची वार्ता शेजाऱ्यांना कळविणारे केंद्र मात्र आपल्या दिल्लीतील. ही व्यवस्था कशी जन्मास आली, हे जाणून घेण्याजोगे आहे.

बंगालच्या उपसागराचा उत्तर भाग नरसाळ्यासारखा निमुळता आणि उथळ आहे. वादळाने ढकललेले पाणी तेथे पसरावयास जागा न मिळाल्याने उंच चढते आणि सखल त्रिभुज प्रदेशात शिरते. वाऱ्यापेक्षाही या पाण्याने अधिक माणसे मरतात. नोव्हेंबर १९७० मध्ये त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, अशा एकाच वादळाने तीन ते पाच लाख माणसांचा बळी घेतला. या भीषण संहारानंतर, १९७२ साली, जागतिक हवामान संघटना व संयुक्त राष्ट्रांचा आशियाविषयक आयोग यांच्या पुढाकाराने या दोन्ही समुद्रांकाठच्या देशांचे एक मंडळ स्थापन झाले. आज त्यात तेरा देश आहेत. भारत, बांगलादेश, म्यानमार, श्रीलंका, मालदीव आणि थायलंड यांच्याबरोबरच पाकिस्तान, ओमान, इराण व येमेन हेही त्यात आहेत. १९८८ पासून दिल्लीच्या हवामान केंद्राकडे या साऱ्या क्षेत्राची जबाबदारी आहे. वादळ कोठे आहे, किती वेगाने व कोणत्या दिशेने सरकत आहे, पाणी किती चढेल, याची वार्तापत्रे तेथून सर्व सदस्य देशांना जातात.

नावांची कथाही मनोरंजक आहे. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ६२ किलोमीटर झाला, की वादळास नाव मिळते. नाव आखूड व उच्चारास सोपे असावे, कोणाच्या भावना दुखवू नयेत, असा दंडक आहे. २००४ साली आठ देशांनी प्रत्येकी आठ नावे दिली होती. ती २०२० च्या 'अम्फान' वादळाबरोबर संपली. मग तेरा देशांनी प्रत्येकी तेरा, अशी १६९ नावांची नवी यादी झाली. तीतील पहिलेच नाव 'निसर्ग'. ते बांगलादेशाचे, आणि त्या नावाचे वादळ आले ते आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर! मे २०२१ मध्ये गोमंतकात झाडे उन्मळून टाकणाऱ्या 'तौक्ते'चे नाव म्यानमारने दिलेले. तेथील भाषेत त्याचा अर्थ एक प्रकारची पाल.

या साऱ्याचा उपयोग काय? बांगलादेशातच १९९१ च्या वादळात एक लाखाहून अधिक माणसे दगावली. २०२० च्या 'अम्फान'च्या वेळी मृतांची संख्या पन्नासाच्याही आत राहिली. सर्व वादळे सारख्याच बळाची नसतात, हे खरे. तरीही 'अम्फान' किनाऱ्यास लागण्यापूर्वी तेथे सुमारे चोवीस लाख लोकांना सुरक्षित स्थळी हलविले होते. दिल्लीहून गेलेली सूचना गावोगावच्या स्वयंसेवकांनी ध्वनिवर्धकाने व निशाणाने घरोघर पोहोचविली आणि जवळच पक्के निवारे बांधलेले होते, म्हणून हे साधले. सूचना, स्वयंसेवक आणि निवारा या तिहींपैकी एक जरी उणे असते, तरी उरलेली दोन व्यर्थ ठरली असती.

याचा दुःखद प्रत्यय २०१७ च्या 'ओखी' वादळाने दिला. ते कन्याकुमारीजवळ फार त्वरेने बळावले. केरळ व तामिळनाडूचे कोळीबांधव त्यापूर्वीच खोल समुद्रात गेले होते आणि तेथवर सूचना पोहोचविण्याचे साधन नव्हते. कित्येक नौकांनी कोकणातील देवगड बंदर गाठून आश्रय घेतला. पण शेकडो माणसे घरी परतली नाहीत. वार्ता शेवटच्या होडीपर्यंत गेली नाही, तर ती असून नसल्यासारखीच.

देशादेशांतील वैमनस्य हा दुसरा अडथळा होय. दक्षिण आशियातील आठ राष्ट्रांच्या 'सार्क' संघटनेने आपत्तीच्या वेळी परस्परांच्या मदतीस त्वरित धावून जाण्याचा करार २०११ मध्ये केला. परंतु २०१४ नंतर या राष्ट्रांच्या प्रमुखांची परिषदच भरलेली नाही. करार कागदावर असतो. त्यास जिवंत ठेवावयास भेटीगाठी व सराव लागतात. याउलट हवामानशास्त्रज्ञांची वार्तापत्रे मात्र थांबली नाहीत. जून २०२३ मध्ये 'बिपरजॉय' वादळ कच्छ व सिंध यांच्या रोखाने आले, तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंना मिळून दीड लाखांहून अधिक लोकांना वेळेवर हलविण्यात आले. राजकारणात अबोला असतानाही वादळाविषयी बोलणे चालू राहिले आणि त्यामुळे माणसे वाचली.

शेजाऱ्याच्या घरास आग लागली असता आपण आधी पाण्याची घागर उचलतो, भांडणाचा हिशेब नंतर पाहतो. राष्ट्रांनीही हेच करावयाचे आहे. आणि आपण? वादळाची सूचना ऐकू आली, तर ती शेजारच्या घरी, वाड्यावरच्या आजीपर्यंत आणि बंदरावरच्या होडीपर्यंत नेऊन पोहोचवावी. तेरा देशांच्या या साखळीतील शेवटची कडी आपल्याच हाती आहे, असे आम्हांस वाटते.