पाटीत म्हावरं आहे का?

वरळी कोळीवाड्यात वाढले आणि हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनवर पोट भरलं. आता रविवारी वाड्यातल्याच पोरांना शिकवते. पोरं येतात ती डोळे कसे काढायचे हे विचारतच. मोठे, चमकदार, जपानी कार्टूनसारखे. मी सुरुवातीला त्यांना डोळे काढूच देत नाही. बंदरावरून येणारा माणूस आपण लांबून ओळखतो, तेव्हा त्याचा चेहरा कुठे दिसलेला असतो? दिसते ती चाल, खांदे, उभं राहायची ढब. या कामात जे काही शिकले, ते याच एका गोष्टीच्या आगेमागे आहे.

१. आधी वजन, मग चेहरा.
साध्या चालीत एका पावलाला साधारण १२ फ्रेम लागतात. टाच टेकते, अंग खाली बसतं, मागचा पाय पुढे निघतो, अंग वर उठतं. त्याबरोबर डोकंही खालीवर होतं. डोक्यावर म्हावऱ्याची पाटी घेतलेली कोळीण मात्र अशी चालत नाही. तिचं डोकं एका रेषेत सरकतं. खालीवर होणं सगळं गुडघे आणि कंबर गिळून टाकतात. पावलं आखूड आणि भरभर पडतात. माझ्याकडच्या एका मुलीने ही चाल काढली. रेषा देखणी, काष्टा अचूक. तिने ती मोबाइलवर आजीला दाखवली. जन्मभर बाजार केलेली आजी म्हणाली, "पाटीन म्हावरं नाय गो, कापूस हाय!" मुलीने चेहऱ्याला हातही लावला नाही. मान आखूड केली, कंबर खाली घेतली आणि पाऊल टेकल्यावर एक चित्र जास्त थांबवलं. पाटी भरली.

२. तेच तेच काम करणारा माणूस गाठा.
चालत्या माणसाचं चित्र पुरं होईपर्यंत तो गल्लीबाहेर गेलेला असतो. म्हणून जून-जुलै सोडू नका. त्या दोन महिन्यांत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, होड्या किनाऱ्यावर असतात आणि माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली असतात. पायाच्या अंगठ्यात जाळं ताणलेलं, सुई आत गेली, दोरा ओढला, गाठ बसली, पुन्हा सुई आत. पहिल्या फेरीत फक्त पाठीची रेषा काढा, दुसरीत कोपर, तिसरीत मनगट. हालचाल तीच परत येते, त्यामुळे स्मरणावर भार पडत नाही. फक्त बसण्याआधी विचारा. काका-मावशींना न विचारता कोणी वही उघडून बसलं की हात आखडतात आणि मग तुम्ही आखडलेले हातच काढता.

३. आकार काळा करून बघा.
पात्र तयार झालं की आतले सगळे तपशील काळ्या शाईने भरून टाका. तरी ओळखू आलं तर पात्र जमलं. जवळच वरळी सी फेसवर आर. के. लक्ष्मण यांच्या ‘कॉमन मॅन’चा पुतळा आहे. उन्हाच्या उलट बाजूने बघा. चष्मा दिसत नाही, कोटाच्या चौकड्या दिसत नाहीत, पण धोतर, कोट आणि टकलाच्या कडेचे केस एवढ्यावर माणूस पटतो.

४. कॅलेंडरवरचा कोळी काढू नका.
सुरका, लाल टोपी, हातात वल्हं आणि तोंडावर हसू: हा कोळी गॅदरिंगच्या नाचात भेटतो. बंदरावर भेटतो तो बर्म्युडावर कुठल्या तरी फुटबॉल क्लबची जर्सी घालून, पायात गमबूट चढवून बर्फाचे खोके उतरवणारा. त्याचा खांदा कोणता उतरलाय, कमरेला काय खोचलंय, मोबाइल कोणत्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलाय, ते टिपा. सुरका हळदीला किंवा नारळी पौर्णिमेला जरूर काढा, पण तेव्हा तो नवा असतो आणि कडक इस्त्रीचा दिसतो, तेही काढा. कपडे अंगावर कसे राहतात यावरून माणूस त्यांना किती सरावलाय ते कळतं.

५. मधलं चित्र मधोमध नसतं.
दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं भरणं हे शिकाऊ माणसाचं पहिलं काम. लाइटबॉक्सवर दोन कागद ठेवून बरोबर मधून रेषा काढली की हालचाल यंत्राची होते. पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकणारा माणूस बघा. आधी तो अंग मागे वळवतो, वजन मागच्या पायावर घेतो. मग कंबर फिरते, तिच्यामागून खांदा, मग हात. जाळं हातातून सुटतं तेव्हा अंग जवळपास थांबलेलं असतं, आणि पाग उघडते ती त्यानंतर. म्हणजे मागे वळलेल्या पोझजवळ चित्रं दाटीने हवीत, फेकीत अगदी दोन-तीन, आणि अंग थांबल्यावरही जाळ्याची चित्रं चालूच. सगळं एकाच वेळी थांबलं तर माणूस पुठ्ठ्याचा होतो.

६. चित्रं मोजा, म्हणजे वाचवता येतील.
सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. एक चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला १२ चित्रं, मिनिटाला ७२०. म्हणून कागदाला हात लावण्याआधी एक्स्पोजर शीट भरायची: कुठलं चित्र किती फ्रेम, कुठे थांबायचं. थांबणं ही चालढकल नव्हे. फिल्म्स डिव्हिजनची १९७४ची ‘एक अनेक और एकता’ पुन्हा बघा. विजया मुळे यांचं दिग्दर्शन, भीमसेन यांचं अ‍ॅनिमेशन. माणसं साध्या आकारांची, हालचाल बेताची. तरी जाळ्यासकट उडालेली ती पाखरं दूरदर्शनवर वाढलेल्या पिढीला आजही आठवतात, कारण प्रत्येक पोझ स्वच्छ वाचता येते.

७. आधी कोणी काय केलं ते माहीत हवं.
‘राजा हरिश्चंद्र’ करणाऱ्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केली. काड्या थोड्या थोड्या सरकवायच्या आणि फ्रेम घ्यायची. काडीला कुठला आलाय चेहरा? सगळा खेळ हालचालीचाच. पुढे १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला. तिथे शिकवायला आलेले क्लेअर वीक्स डिस्नेकडे ‘बॅम्बी’वर काम केलेले. त्यांच्या हाताखाली १९५७ मध्ये जातककथेवरची ‘द बॅनियन डिअर’ तयार झाली. त्या पहिल्या तुकडीतल्या राम मोहन यांनी पुढे स्वतःचा स्टुडिओ काढला, जपानी-भारतीय ‘रामायण’ सहदिग्दर्शित केली आणि २०१४ मध्ये पद्मश्री मिळवली. आणि आपल्या जे. जे.मध्ये शिकलेल्या गीतांजली राव यांनी ‘प्रिंटेड रेनबो’ जवळजवळ एकटीने रंगवली. तीत एक म्हातारी काड्यापेट्यांवरच्या चित्रांत शिरते. २००६ मध्ये कान चित्रपट महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये या फिल्मचा गौरव झाला. यातलं जे बघायला मिळेल ते फ्रेम फ्रेम थांबवून बघा. घडण उसनी घ्यायला हरकत नाही, माणसं आपली हवीत.

८. पाच सेकंदांचं काम पुरं करा.
पोरं थेट महाराजांवर दोन तासांचा चित्रपट काढायला निघतात आणि तिसऱ्या पानावर वही बंद होते. पाच सेकंद म्हणजे ६० चित्रं. तेवढ्यात एक माणूस बर्फाचा खोका उचलतो, खांद्यावर घेतो आणि निघतो. लाइटबॉक्स नसेल तर खिडकीच्या काचेवर कागद धरा. पावसाळ्यात खाऱ्या दमट हवेने कागद वाकतो, तो रात्री वजनाखाली ठेवा. फोटो मोबाइलनेच काढा. फोनवर किंवा टॅबवर काढलंत तरी चालेल, कष्ट तेवढेच पडतात. झाल्यावर आवाज बंद करून खोके उचलणाऱ्यालाच दाखवा आणि विचारा, किती किलोचा वाटतो? त्याने सांगितलेला आकडा तुमच्या मनातल्या आकड्याशी जुळला, तर डोळे काढायला घ्या.